जमिनीतले जिवाणू पिकाची वाढ खुंटवतात, हे खरं आहे का?

खरं आहे. पण त्यासाठी कुठले 'वाईट' जिवाणू शोधत बसू नका. माझा गहू पिवळा पाडला तो पाचट (उसाचा वाळला पाला) कुजवणाऱ्या जिवाणूंनीच, ज्यांना आपण शेतकऱ्याचे मित्र म्हणतो.

वाळवा तालुक्यात आमचं काळं रान आहे. 2016 च्या डिसेंबरात ऊस तुटून गेला. थोरल्या भावाचं म्हणणं, काडी लाव आणि रान मोकळं कर. मी ऐकलं नाही. माझ्या एकरातलं पाचट कुट्टी करून रोटाव्हेटरने गाडलं आणि आठवड्यात गहू पेरला. दादाने बांधापलीकडे पेटवून मग पेरला. तीन आठवड्यांनी पाणी द्यायला गेलो तर अलीकडे पिवळं, पलीकडे हिरवंगार. दादा गप्प होता, पण येणाजाणारा प्रत्येक जण बांधावर थांबून बोलून जायचा.

खताच्या दुकानदाराने फेरस (म्हणजे लोह) आणि झिंक दिलं. फवारलं, काही फरक नाही. लोहाची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते, शिरा हिरव्या राहतात. माझी तर खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी पडत होती. म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी. हे त्यालाही कळलं नाही आणि मलाही.

वाळल्या पाचटात टनामागे कार्बन 400 किलोच्या आसपास आणि नत्र जेमतेम 4-5 किलो. जिवाणूच्या स्वतःच्या अंगात मात्र पाच-सहा भाग कार्बनाला एक भाग नत्र लागतं. खायला ढीगभर मिळालं की ते झपाट्याने वाढतात आणि कमी पडलेलं नत्र मातीतून उचलतात. गव्हाचं कोवळं मूळ त्यांच्यापुढे टिकत नाही. नत्र रानातून जात नाही, जिवाणूंच्या अंगात अडकून राहतं आणि ते मेले की हळूहळू सुटतं. गव्हाचं काड, लाकडाचा भुसा गाडला तरी हेच होतं.

शेवटी युरिया दिला, गहू हिरवा झाला, पण बुंध्यातून नवे फुटवे येण्याचा काळ निघून गेला होता. पाचट गाडायचंच तर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं संवर्धन (जिवाणूंचं विरजण) सोबत टाका, आणि पेरणीची घाई करू नका. खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, तर गाडूच नका, सरीत पसरून ठेवा. वरच्या वर असलं की जिवाणू मुळाशेजारचं नत्र फारसं ओढत नाहीत.

तुमचं पीक कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. टोमॅटो, वांगं किंवा आलं असेल आणि हिरवं असतानाच माना टाकत असेल, तर वरचं काही लागू नाही. तो जिवाणूजन्य मर रोग असू शकतो. टोमॅटो-वांग्याचा बुंध्याजवळचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधासारखी धार खाली उतरली तर त्या सरीचं पाणी पुढे जाऊ देऊ नका.

पेटवण्याच्या बाजूने मात्र मी आजही नाही. आगीत पाचटातलं बहुतेक सगळं नत्र धुरावाटे जातं, राखेत पालाशसारखी (पोटॅश) खनिजं तेवढी उरतात. त्याच रानात पुढच्या जूनला मका टोकला. पावसाने पंधरा दिवस दडी मारली तेव्हा दादाचा मका दुपारी पानं गुंडाळून उभा असायचा, माझा नाही. तेव्हा दादाने बांध ओलांडून माझ्या रानातली माती मुठीत घेऊन दाबून बघितली होती. त्या वर्षीपासून तोही काडी लावत नाही, पण गव्हाचा विषय निघाला की अजून म्हणतो, मी सांगत होतो.