‘ब्लॅडर’ म्हणजे मूत्राशयच का?

ताई, लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ‘ब्लॅडरवर्ट’ या पाणवनस्पतीला मराठी नाव शोधताना तुम्हाला ‘मूत्राशय-वनस्पती’ मिळालं. ते खोडा. इंग्रजीत ब्लॅडर ही कुठलीही फुगीर पिशवी. फुटबॉलमधला ब्लॅडर आपणही म्हणतोच. वर्ट म्हणजे नुसती वनस्पती. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिचं युट्रिक्युलेरिया हे शास्त्रीय नाव नोंदवलं, तेही ‘छोटी कातडी पिशवी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आपली पखाल आठवा.

मी म्हणेन, पाणकोथळी. बडोद्यात आपण भाजीची ‘कोथळी’ म्हणतो आणि पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं, हे गुजरातीतून आलं. पण लहान थैलीला कोथळी हा जुन्या मराठीतलाही शब्द आहे. शिवाय कोथळा म्हणजे पोतंही आणि पोटही. अफझलखानाचा काढला तो. या वनस्पतीची पिशवी तर खरोखरच तिचं पोट आहे.

तिला मुळं नसतात. संथ पाण्यात ती तरंगते, आणि त्या पाण्यात नायट्रोजन, फॉस्फरस फार कमी. मग शिकारीसाठी बारीक चिरलेल्या पानांवरच्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या कोथळ्यांतून ती पाणी बाहेर टाकत राहते. गाल आत ओढावेत तशा त्यांच्या भिंती खपाटीला जातात. तोंडाशी दार, दारावर केस. एखादी पाणपिसू केसांना लागली की दार आत उघडतं, पाण्यासकट ती ओढली जाते आणि दार मिटतं. हे सारं सेकंदाच्या अवघ्या काही हजाराव्या भागांत! पुढे पाचकरस आपलं काम करतात. मराठीत दाराचं पान आणि शिकाऱ्याची उडी, दोन्हींना ‘झडप’ म्हणतात. इथे झडपच झडप घालते. मला हे फार आवडतं.

पुस्तकातलं ‘कीटकभक्षी’ चालेल का, हेही तुम्ही विचारलंत. डासांच्या अळ्यांपुरतं चालेल. पाणपिसू मात्र कीटक नव्हे, ती खेकडा-कोळंबीच्या गोतातली. ‘मांसाहारी’ म्हणावं, तर पानांतला हिरवा रंग उन्हात अन्न बनवतोच. शिकारीतून ती मुख्यतः खत मिळवते. म्हणून प्रकल्पात ‘प्राणिभक्षी’ लिहा.

कास पठारावर युट्रिक्युलेरियाच्याच दुसऱ्या एका जातीच्या जांभळ्या फुलांना ‘सीतेची आसवं’ म्हणतात. तिथे कोथळ्या ओल्या मातीत दडलेल्या असतात, म्हणून लोकांनी नाव दिलं ते फुलाला.