जुनी मराठी पुस्तकं ऑनलाइन फुकट आणि कायदेशीरपणे कुठे वाचता येतील?

आधी मराठी विकिस्रोत, म्हणजे विकिपीडियाचंच भावंड असलेलं मोफत ग्रंथालय, बघा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे पानाच्या फोटोऐवजी टाइप केलेल्या अक्षरांत असतो, त्यामुळे लोकलमध्ये उभ्यानेही मोबाइलवर नीट वाचता येतो. दुर्मीळ काही हवं तर इंटरनेट अर्काइव्ह. तिथे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पाचे स्कॅन आहेत. नावं बऱ्याचदा रोमन लिपीत आणि स्पेलिंग वाट्टेल तशी, म्हणून लेखकाचं आडनाव दोन-तीन प्रकारे टाकून शोधा. वैताग येतो, पण घबाडही तिथेच सापडतं.

आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे १९१९ मध्ये गेलेले हरी नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी बिनधास्त उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या हल्लीच्या लेखकांच्या पीडीएफ मात्र बहुतेक चोरीच्याच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही बरीच पुस्तकं मोफत आहेत.