केराटोकोनसच्या पेशंटची क्वालिटी ऑफ लाइफ कशी मोजतात? नंबर आणि 6/9 वगैरे रिपोर्टवरून कळत नाही का?

नाही कळत. हाच प्रश्न आमच्या दादाने मला चारचौघांत विचारलाय म्हणून उत्तर लिहायला बसलोय.

मला दोन्ही डोळ्यांना केराटोकोनस आहे, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते, उजवा जास्त. सी-थ्री-आर (औषधाचे थेंब आणि यूव्ही प्रकाशाने ती काच घट्ट करतात) झालंय, पण त्याने आजार वाढायचा थांबतो, गेलेली नजर परत येत नाही, हे घरच्यांना अजून पटलेलं नाही. आरजीपी, म्हणजे कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावून 6/9 दिसतं, म्हणजे चांगल्या नजरेला 9 मीटरवरून दिसतं ते मला 6 मीटरवरून. हे '6/9' दादाने फाईलमध्ये वाचलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

संगमनेरला मावसभावाचं लग्न होतं. रात्री अकराला नाशिकला परत निघायचं तर दादा म्हणे गाडी तू चालव, मी दमलोय. मी म्हटलं माझ्याच्याने नाही होणार. सकाळपासून लेन्स डोळ्यात, मांडवातली धूळ आत गेलेली, शेवटी बेसिनपाशी उभं राहून काढूनच टाकल्या होत्या, आणि चष्म्याने मला समोरून येणारा एक हेडलाईट चार-पाच दिसतो, वर प्रत्येकाला खाली ओघळलेली शेपटी. (संकष्टीला चंद्रही मला असाच घोळक्याने दिसतो, आई म्हणते तुझा उपास आधी सुटायला पाहिजे.) तर दादा सगळ्यांसमोर, "रिपोर्टमध्ये तर चांगलं दिसतं लिहिलंय, मग नाटकं कशाला?" गाडी त्यानेच चालवली पण सिन्नरपर्यंत तोंड फुगवून, आणि नंतर नातेवाईकांत "आमचे साहेब रात्री गाडी चालवत नाहीत" हे झालंच.

अहो, 6/9 हे एसी खोलीत, लेन्स घालून, पांढऱ्यावर काळी अक्षरं वाचण्याचे मार्क आहेत. त्यात धूळ नाही, समोरून येणारा ट्रक नाही, रात्रीचे अकराही नाहीत.

मोजायचं म्हणाल तर प्रश्नावली असते. सगळ्यात जास्त वापरतात ती एनईआय व्हीएफक्यू-25, अमेरिकेतली, 25 प्रश्न, स्कोअर 0 ते 100, जास्त म्हणजे चांगलं. त्यात रात्री गाडी चालवण्यावर वेगळा प्रश्न आहे, आणि 'नजरेमुळे चालवणं सोडलं' असं उत्तर दिलं तर त्याला थेट शून्य मिळतं. 'इतर कारणाने सोडलं किंवा आवडच नाही' म्हटलं तर ते उत्तर धरतच नाहीत. म्हणजे नाटकं आणि नजर यातला फरक त्या कागदाला कळतो, आमच्या घरात कळत नाही.

पण व्हीएफक्यू सगळ्याच डोळ्यांच्या आजारांसाठी आहे. खास केराटोकोनससाठी केओआरक्यू आहे, 29 प्रश्न, 18 कामातल्या अडचणींचे आणि 11 त्रासाचे. माझ्या मते तीच वापरा. तिकडे अमेरिकेत 1995 च्या सुमारास सीएलईके नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला होता, हजारावर पेशंट. त्यात बऱ्यापैकी तरुण लोकांचे व्हीएफक्यू स्कोअर म्हातारपणी पडदा खराब होतो त्या एएमडीच्या मधल्या आणि शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांच्या दरम्यान निघाले. चाळिशीच्या आतबाहेरच्या माणसाचं हे!

आता हेही खरं की स्कोअर एकच गोष्ट सांगत नाही, लेन्स टोचतात, पैशाची काळजी, नोकरीचं टेन्शन, सगळं त्या आकड्यात मिसळतं, आणि मी काही डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये आहे. शिवाय दोन्ही डोळे उघडे ठेवून चांगला डोळा सांभाळून घेतो, त्यामुळे एका डोळ्याच्या रिपोर्टवरून अंदाज बांधू नका.

प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर एकच सांगतो, फॉर्म पेशंट एकटा असताना भरून घ्या. शेजारी भाऊ नाहीतर बायको बसली की माणूस "तसं बरंय, चालतंय" असंच लिहून देतो. मीही पहिल्यांदा तेच लिहिलं होतं, दादा शेजारच्या खुर्चीत होता.