आधी हेग्गोडू, मग कोची

प्रिय मुली,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. जूनमध्ये मल्याळम सिनेमात काम करायला कोचीला निघायचं म्हणतेस. राहायला मैत्रिणीची खोली आहे, हाताशी चार महिन्यांचे पैसे आहेत, आणि अभिनय की दिग्दर्शन ते तिथे गेल्यावर ठरेल. ‘खरा सिनेमा आता दक्षिणेतच आहे’ या वाक्याखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस. मीही एकदा अशीच सोलापूरहून चेन्नईची गाडी पकडली होती. अकरा वर्षं तिथे सहायक संकलक म्हणून काढली. म्हणून तुला अडवायला लिहीत नाही. पण तू जे चित्रपट पाहून निघाली आहेस ते करणारी माणसं पडद्यावर येण्याआधी कुठे होती, हे तुला नीट सांगायचं आहे. ते सबटायटल्समध्ये येत नाही.

विजय सेतुपतीचं उदाहरण घे, तुझा लाडका आहे म्हणून. तो दुबईत हिशेबनीस होता. परत आल्यावर चेन्नईच्या ‘कूत्तुपट्टरै’ या नाट्यसंस्थेत शिरला तोही हिशेब लिहायला. तिथे बसून तो नटांच्या तालमी बघायचा. पुढे गर्दीतली, नायकाच्या मित्राची अशी कामं करत राहिला. सीनू रामसामींनी ‘तेनमेर्कु परुवकाट्रु’मध्ये त्याला नायक केलं ते २०१० साली, म्हणजे वयाच्या ३२व्या वर्षी. लोक ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. सीनू रामसामी कोण? बालू महेंद्रांच्या हाताखाली तयार झालेले. आता हे एक नाव धरून जरा माझ्याबरोबर चाल.

बालू महेंद्रा मूळचे श्रीलंकेचे तमिळ. छायालेखन शिकले आपल्या पुण्यात, प्रभातच्या जुन्या स्टुडिओत उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट कन्नड होता, ‘कोकिला’, १९७७चा. त्यांच्याकडे सहायक म्हणून राहिलेल्यांची नावं बघ: बाला, राम, सीनू रामसामी, वेट्रिमारन. वेट्रिमारन इंग्रजी साहित्याचं एम. ए. अर्धवट सोडून त्यांच्याकडे आला. बालू महेंद्रा तेव्हा टीव्हीवरच्या मालिकेसाठी तमिळ लघुकथांवर छोटे चित्रपट करत होते. या पोराचं काम काय, तर कथा वाचायच्या आणि त्यांचा सारांश लिहून द्यायचा. कॅमेऱ्याजवळ जायचं नाही, कथा वाचायच्या! पुढे बालू महेंद्रांच्याच एका चित्रपटात धनुष नायक होता आणि वेट्रिमारन सहायक. तिथे ओळख झाली. २००७ साली ‘पोल्लादवन’ आला तेव्हा नायक धनुष होता. २०११च्या ‘आडुकळम’ला सहा राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यांत वेट्रिमारनला दिग्दर्शनाचाही.

दुसरी फांदी रामची. त्याच्याकडे दशकभर सहायक म्हणून राहिला तो मारी सेल्वराज, तूत्तुकुडी जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला. त्याचा ‘परियेरुम पेरुमाळ’ २०१८ साली आला आणि त्याचे पैसे घातले पा. रंजितने, जो स्वतः वेंकट प्रभूचा सहायक होता. तू हा चित्रपट पाहून रात्रभर झोपली नाहीस असं लिहिलं आहेस. त्या अडीच तासांच्या मागे दहा वर्षांची दुसऱ्याच्या सेटवरची चाकरी आहे.

आपल्याकडे गाण्यात घराणी असतात, शागीर्द गुरूच्या घरी राहून आधी तंबोरा लावायला शिकतो, तसंच हे आहे. तमिळ दिग्दर्शक भारतीराजांचं बघ. ते कन्नडच्या पुट्टण्णा कणगाल यांच्याकडे शिकले. त्यांच्याकडे भाग्यराज, आणि भाग्यराजकडे पुढे पार्थिबन आणि पांडियराजन. केरळात दिलीश पोत्तन आधी आशिक अबूचा सहायक, मग २०१६ साली ‘महेशिंटे प्रतिकारम’चा दिग्दर्शक. राजमौली तर संकलकाच्या खोलीतून आले, कोटगिरी वेंकटेश्वर राव यांच्या हाताखाली. मी त्याच कामातली असल्यामुळे हे सांगताना मला जास्तच आनंद होतो. संकलनाच्या टेबलावर बसलं की दिग्दर्शकाच्या चुका आधी दिसतात आणि त्याची हुशारी नंतर. तुला कधी कुणी संकलन विभागात जागा देऊ केली तर ती दुय्यम समजून सोडू नकोस.

म्हणून ‘कुठल्या शहरात जाऊ’ याच्याआधी तू ‘कुणाजवळ पाच वर्षं उभी राहू’ हे विचार. शहर त्या माणसामागे येईल. ज्याचे चित्रपट तू चारचारदा पाहिलेस, त्याच्या सहायकांची नावं श्रेयनामावलीतून उतरवून घे. त्यांतले कोण पुढे स्वतः दिग्दर्शक झाले ते शोध. ज्याच्याकडून कुणीच बाहेर पडून उभं राहिलं नाही, त्याच्याकडे जाऊ नकोस, तो कितीही मोठा असो.

आता भाषा. हा भाग तुला आवडणार नाही. तू लिहितेस, ‘मल्याळम तीन महिन्यांत येईल.’ येणार नाही. भाजी घेण्यापुरती येईल. सहायकाचं अर्धं काम भाषेत असतं: संवादातला शब्द बदलला हे टिपणं, जुनिअर आर्टिस्टना काय करायचं ते समजावणं, प्रकाशयोजना करणाऱ्या माणसाचं कुरकुरणं ऐकून दिग्दर्शकाला वेळेत सावध करणं. नटाची गोष्ट तर सरळच आहे. शिवाजीराव गायकवाड नावाचा बंगळुरूच्या मराठी घरातला बस कंडक्टर मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला गेला, तेव्हा दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला आधी तमिळ शिकायला सांगितलं. १९७५ साली ‘अपूर्व रागंगळ’मध्ये तो रजनीकांत म्हणून आला, तोही छोट्या भूमिकेत. २००० साली ‘भारती’ या तमिळ चित्रपटात महाकवी सुब्रमण्य भारतींची भूमिका केली ती सातारा जिल्ह्यातल्या सयाजी शिंदेंनी. तमिळ माणसासाठी भारती म्हणजे काय हे तुला चेन्नईत आठवडाभर राहिलीस की कळेल. आणि शारदाबाई! आंध्रातल्या तेनालीच्या. अभिनयाचे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यांतले दोन मल्याळम चित्रपटांसाठी. परकी भाषा आड येते असं नाही. ती मनावर घ्यावी लागते, एवढंच.

मग तुझ्याकडे आधीच जे आहे ते तू का टाकून निघालीस? तुझी आजी अक्कलकोटकडची. ती आईशी कन्नडमध्ये बोलते आणि तुला सगळं समजतं. लहानपणी तू उत्तर मराठीत द्यायचीस, मला आठवतं. गल्लीत पद्मशाली घरांतून दिवसभर तेलुगू ऐकलंस. मागाच्या खडखडाटावर ओरडून बोलायची ती तेलुगू तुझ्या कानात मुरलेली आहे. सोलापूरच्या मुलीला कन्नड आणि तेलुगूचा अर्धा रस्ता आंदण मिळालेला असताना तू जिथे एकही अक्षर ओळखीचं नाही तिथून सुरुवात करू पाहतेस, कारण या दोन वर्षांत सगळे मल्याळम चित्रपटांबद्दल बोलताहेत. मला ते पटत नाही.

माझं मत विचारतेस तर ऐक. एक वर्ष हेग्गोडूला जा. शिवमोग्गा जिल्ह्यात, सागर तालुक्यात, सुपारीच्या बागांत वसलेलं खेडं आहे. तिथे १९४९ साली के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘नीनासम’ उभं केलं, १९८०पासून तिथे नाट्यशाळा चालते. वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम, सगळा कन्नडमध्ये. अभिनयाबरोबर नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, मंच झाडणं, सगळंच करावं लागतं. त्यांची ‘तिरुगाट’ ही फिरती मंडळी कर्नाटकभर प्रयोग करत हिंडते. खेडुतांना जगभरचे चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडवण्याचं कामही या संस्थेने केलं. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कन्नड पडद्यावर तिथली माणसं इतकी आहेत की सतीश नीनासमने तर संस्थेचं नावच स्वतःला लावून घेतलं. तिथे तू नटी आहेस की दिग्दर्शिका, हेही वर्षात कळेल, आणि आजीची भाषा तुझ्या तोंडात येईल.

आणि हा रस्ता मराठीपासून लांब जातो असं समजू नकोस. शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवरून कन्नडमध्ये गेला. गिरीश कर्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्लि’ या १९७८च्या चित्रपटात त्याने पहिली भूमिका केली आणि दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक घेतलं. चाफेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्याचा हात आहे. पुढची दहा-बारा वर्षं तो अभिनय, दिग्दर्शन, नाटक असं सगळं एकदम करत होता. ‘मालगुडी डेज’ त्याने आगुंब्याला चित्रित केली. १९९० साली अपघातात गेला तेव्हा ३५ वर्षांचा होता. त्याच्याबद्दल लिहिताना अजून माझा हात थांबतो.

अपयशाबद्दल तू काही विचारलं नाहीस, तुझ्या वयात ते सुचत नाही. तरी दोन माणसं सांगते. मल्याळम नट फहाद फासिलचा पहिला चित्रपट २००२ साली आला, दिग्दर्शक खुद्द वडील. तो साफ पडला. फहाद अमेरिकेला शिकायला निघून गेला आणि पडद्यावर परतला तो २००९ साली, छोट्या कामातून. बापाचं नाव असून सात वर्षं. दुसरी दिग्दर्शिका सुधा कोंगरा. घरची तेलुगू, काम तमिळमध्ये, मणिरत्नम यांच्याकडे कित्येक वर्षं सहायक. २०१०चा ‘द्रोही’ चालला नाही. पुढचा ‘इरुधि सुट्रु’ २०१६ साली आला. ‘सूररै पोट्रु’ २०२० साली आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्कारासह पाच पुरस्कार घेऊन गेला. २०१० ते २०१६ या काळात ती रोज सकाळी उठून काय करत असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. कारण माझीही अशी चार वर्षं गेली, आणि मी त्यांत कडू झाले. तू होऊ नयेस म्हणून सांगते.

पैशांचं थोडक्यात. सहायकाला मिळतं ते अपुरं आणि अनियमित. शूटिंग असेल तेव्हा बाटा, म्हणजे रोजचा भत्ता, नसेल तेव्हा काही नाही. चेन्नईच्या वडपळनी, सालिग्रामम भागात एका खोलीत पाच-सहा सहायक राहतात ते काही मौजेखातर नाही. बालचंदर नाटकं लिहीत असताना मद्रासच्या महालेखापाल कार्यालयात नोकरी करत होते. तुला टायपिंग येतं, हिशेब येतो, भाषांतर येईल. त्यातलं एक काम कायम चालू ठेव, म्हणजे वाईट माणसाला ‘नाही’ म्हणता येईल.

हे वाईट माणसाचं लिहिताना मी शब्द बदलत बसले होते, आता सरळच लिहिते. २०१७ साली केरळात एका अभिनेत्रीवर हल्ला झाला. त्यानंतर तिथल्या बायका एकत्र आल्या, त्यांनी संघटना काढली, सरकारकडे गेल्या. न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली. वर सांगितलेल्या शारदाबाई तिच्या सदस्य होत्या. अहवाल डिसेंबर २०१९मध्ये सादर झाला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४मध्ये, तोही काही भाग वगळून. छळाच्या कहाण्यांबरोबर त्यात साध्या गोष्टी आहेत: सेटवर बायकांना स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला जागा नाही, कामाचा लेखी करार नाही. हे वाचून ‘केरळ वाईट’ असा अर्थ काढू नकोस. तिथल्या बायकांनी ते लिहवून घेतलं, बाकी ठिकाणी अजून कुणी लिहवून घ्यायचं आहे. तू निघण्याआधी तो अहवाल वाच. पहिल्या कामाच्या आधी कागद माग: किती दिवस, किती पैसे, श्रेयनामावलीत नाव कुठे. मी मागितला नव्हता. एका चित्रपटावर सात महिने रात्री जागून काम केलं, दोन रिळं जवळजवळ एकटीने जुळवली, आणि पडद्यावर माझं नाव आलं नाही. थिएटरमध्ये दिवे लागेपर्यंत मी खुर्चीत बसून होते. हातात कागद नव्हता, तक्रार कशाच्या जोरावर करणार?

सेटवर एकटीने रात्री गाडीत बसू नकोस. कथा ऐकवायला किंवा ‘भेटायला’ हॉटेलच्या खोलीवर बोलावलं तर जाऊ नकोस. कार्यालयात, दिवसा, दुसरं कुणी असताना भेट. त्यामुळे एखादं काम जाईल. जाऊ दे.

कोचीच्या मैत्रिणीला लगेच नाही म्हणून कळवू नकोस, ती खोली पुढे कामी येईल. पण या आठवड्यात दोन गोष्टी कर. नीनासमचा प्रवेशअर्ज कधी निघतो ते विचारून घे आणि मला कळव. आणि आजीजवळ बसून, मराठीत एकही शब्द न बोलता, तिच्या लग्नाची सगळी गोष्ट कन्नडमधून ऐक. जिथे अडशील तिथे तिलाच विचार. ऐकलेलं देवनागरीत लिहून काढ आणि मला पाठव. मला सगळं समजणार नाही, पण तू कुठे अडलीस ते दिसेल. दिवाळीत सोलापूरला येते आहे, तेव्हा आपण दोघी तिच्याकडून तपासून घेऊ.

तुझी,
मावशी