सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही: फक्त तापल्यावरच होत असेल तर फ्युएल पंप बदलायची घाई करू नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम ठसठसली राव. सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू, पुण्याहून कराडपर्यंत एक शब्द नाही, पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबलात आणि मग सेल्फ गरगर फिरतोय पण इंजिन पकडत नाही. पाऊण तासाने जणू काही झालंच नव्हतं. आणि मेकॅनिक म्हणतो, फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा) बदला. माझंही हेच, रस्ताही तोच. 2022 चा मे महिना, 2014 ची पेट्रोल गाडी, खंबाटकी उतरून सुरूर फाट्याच्या अलीकडे चहाला थांबलो होतो.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, अकाउंट्समध्ये खर्डेघाशी करतो. स्वतःच्या पैशाने जेवढं शिकलो तेवढंच सांगतोय. बॅटरी, फ्यूज, इमोबिलायझरचा (चोरीविरोधी लॉकचा) दिवा हे तुम्ही बघितलं असेलच, त्यात शिरत नाही.

माझी सगळ्यात महागडी चूक ऐका. पहिल्यांदा गाडी अडली तेव्हा इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. चहावाल्याकडे थांबलेला एक ट्रकवाला म्हणाला, "साहेब, बॅटरीचं टर्मिनल काढून पाच मिनिटांनी लावा, कॉम्प्युटर रिसेट होतो." लावलं. गाडी सुरू झाली, दिवाही गेला. मी खूश! प्रत्यक्षात तेवढ्या वेळात इंजिन थोडं निवलं होतं म्हणून सुरू झाली. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, जो काही फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) जपून ठेवला होता, तो मात्र मी माझ्या हाताने पुसला. पुढचे दोन महिने आणि जवळजवळ चौदा हजार रुपये त्यात गेले. तेव्हा दिवा लागलेला असेल तर टर्मिनलला हात लावू नका. आधी स्कॅनर (हे कोड वाचणारं यंत्र), मग बाकीचं.

नंतरचा सर्व्हिस सेंटरचा किस्सा. नाव घेत नाही. तीनदा गाडी टो करून नेली, तीनदा तिथे पोचेपर्यंत थंड झाली आणि सुरक्षारक्षकासमोर पहिल्या सेल्फला सुरू. जॉब कार्डवर दोनदा "प्रॉब्लेम आढळला नाही" आणि तपासणीचा चार्ज. मी म्हणत होतो, अहो अर्धा तास पळवा, मग बंद करून दहा मिनिटं उभी ठेवा. ॲडव्हायझर मान डोलवायचा आणि लिहायचा भलतंच. तिसऱ्या वेळी त्यांनी पंप बदलला, 9,400 रुपये. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा उभी. जुना पंप मागितला तर म्हणे स्क्रॅपमध्ये गेला. (बदललेला पार्ट परत हवा, हे जॉब कार्डवर आधीच लिहून घेत जा.)

शेवटी साताऱ्यातल्या एका साध्या गॅरेजवाल्याने पकडलं. तो क्रँक सेन्सर होता. हा सेन्सर इंजिन फिरतंय, हे ईसीयूला सांगतो. आतली बारीक तार तापल्यावर फाकते आणि निवल्यावर पुन्हा टेकते. गाडी चालू असताना वारा लागत असतो. बंद केल्यावर वारा आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी दोन्ही फिरायचे थांबतात, बॉनेटखालची उष्णता काही मिनिटं उलट वाढते. म्हणून थांबल्यावरच रुसते. त्याने सेन्सर काढून मल्टिमीटर लावला, आकडा आठशे ओहमच्या (तारेच्या रोधाच्या) आसपास. मग बायकोचा हेअर ड्रायर आणून सेन्सरवर धरला. दोन मिनिटांनी आकडा थरथरला आणि मीटरवर डावीकडे नुसता 1 उरला, म्हणजे सर्किट उघडं. नवा सेन्सर 1,150, मजुरी 300. (ही ओहमची टेस्ट दोन वायरच्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरला चालते. हॉल टाइपच्या तीन वायरवाल्याला नाही, तिथे स्कॅनरच.)

आता पंपावर संशय का जातो ते बघा. सेल्फ मारूनही ईसीयूला फिरण्याचा सिग्नल मिळाला नाही, तर बऱ्याच गाड्यांत तो पंपाचा रिलेही (पंपाला वीज देणारा स्विच) सोडतो. मेकॅनिक बघतो, पेट्रोल येत नाही. निष्कर्ष, पंप गेला. पण त्याच वेळी स्पार्क प्लगला (पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीला) करंटही नसतो, तो कोणी बघत नाही. पेट्रोल आणि करंट दोन्ही एकदम गायब असतील तर मी पंपावर पैसे लावणार नाही. क्रँक सेन्सर, त्याचा कपलर (वायरचा जोड), ईसीयूची मेन रिले आणि अर्थिंग, याच क्रमाने बघेन. फक्त करंट आहे आणि पेट्रोल नाही, तर मग पंपाचं म्हणणं ऐकून घ्या.

पुढच्या वेळी अडली की सेल्फ मारताना आरपीएमची सुई बघा. अनेक गाड्यांत ती थोडी तरी हलते. सगळ्या मीटरमध्ये दिसतंच असं नाही, त्यामुळे निव्वळ सुईवर जाऊ नका. ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनर सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र) घ्या, मोबाइलवर लाइव्ह आरपीएम बघा. सेल्फ फिरतोय आणि आकडा शून्य, म्हणजे चोर सापडला. सेन्सर हाताशी येत असेल तर बेल्ट-फॅनपासून हात जपून थंड पाण्याने पिळलेलं फडकं त्यावर ठेवा. पाच मिनिटांत सुरू झाली तर अजून काय पुरावा हवा?

एक मात्र वेगळं. सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका, वेगात घरघरल्यासारखा येत असेल तर थांबा. टायमिंग बेल्ट किंवा चेन गेलेली असू शकते, पुन्हापुन्हा सेल्फ मारून वाल्व वाकवून घ्याल. आणि पावसाळ्यात पाण्यातून काढलेली गाडी असेल तर सेल्फच मारू नका, सरळ टो.

सीएनजी बसवली असेल तर माझा पंपाबद्दलचा सगळा आत्मविश्वास मागे घेतो. टाकीत दोन-अडीच लिटर पेट्रोल ठेवून वर्षभर सीएनजीवर फिरणाऱ्यांचे पंप खरंच जळतात, कारण टाकीतल्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. माझ्या मेहुण्याचे दोन गेले. तो अजूनही रिझर्व्हवरच फिरतो, सांगून उपयोग नाही.

तुमच्या गाडीचं वर्ष, सीएनजी आहे का, आणि अडल्यावर सुई हलते का, एवढं लिहा. आणि पंपाचं एस्टिमेट अजून ओके केलं नसेल तर दोन दिवस थांबवा.