चॅस्टिटी केज आठवडेच्या आठवडे घालायचा तर स्वच्छता कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय, स्टीलचा केज (लिंगावर बसवून कुलूप लावायचा पिंजरा) न काढता घालायचाय, पण चौथ्या दिवशी वास सुटतो आणि जांघेत काचतं, तर कुठला साबण वापरू?

साबणाचं काही नाही. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवतात तिथं आहे. दोन वर्षं झाली, नवरा-बायकोच्या राजीखुशीनं घालतोय. बहुतेक दुखणी मापाची आणि ओलीची असतात.

आधी माप. सगळा भार पेलते ती अंडकोशामागून फिरणारी रिंग. घट्ट म्हणजे पक्कं असं समजून मी 40 मि.मी.ची मागवली आणि पहाटे तीनला कळवळून उठायला लागलो. झोपेत पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. ती मनातल्या इच्छेवर नसते आणि कुलपाला जुमानत नाही. केज पुढं ढकलला जातो, रिंग मागून कातडी चिमटते. दिवसभर व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात धरणारा माणूस, आणि हे अंदाजानं घेतलं! मग अंग सैल असताना मुळाशी, अंडकोशामागून दोरा फिरवला. 145 मि.मी. भरला, 3.14 नं भागलं, व्यास आला 46. आता 45ची आहे, कडेनं करंगळी सरकते. सुरुवातीला दिवसाचे दोन-तीन तासच घाला, रात्रीचं घालणं नंतर. कातडी जांभळी, गार किंवा बधिर झाली तर त्याच क्षणी काढायचं. काढल्यावरही ताठरता चार तास उतरली नाही तर थेट इस्पितळ.

स्वस्तातलं ‘स्टील’ बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा असतो. चुंबक लावून बघाल तर फसाल, कारण जस्तही चिकटत नाही आणि चांगलं 316 (स्टेनलेस स्टीलची एक जात) तेही जवळजवळ नाही. घामातल्या मिठाला 316 टिकतं, पण त्यात निकेल असतं. घड्याळाच्या पट्ट्यानं खाज येत असेल तर टायटॅनियम घ्या. कडांवरून कापूस फिरवा, धागा अडकला तर बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिलीय.

आता वास. सुंता झालेली नसेल तर पुढच्या कातडीखाली रोज पांढरट मळ साचतो आणि तो केजच्या जाळीतून निघत नाही. त्यामुळे ‘न काढता आठवडे’ हे मला पटत नाही. मी रोज आंघोळीला काढतो. कातडी मागं घेऊन नुसत्या कोमट पाण्यानं धुवायचं आणि आठवणीनं पुढं आणायची. मागं राहून सुजली तर ती परत येत नाही, मग डॉक्टरच. केज जुन्या टूथब्रशनं आणि साबणानं घासतो.

खरं काम त्यानंतरचं: कोरडं करणं. एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळिशी ओलांडतं तेव्हा घाम, श्रावणात चड्ड्या वाळत नाहीत तेव्हा दमट. टॉवेलनं टिपून पंख्याखाली पाच मिनिटं बसतो. (दार लावून, आईबाबा घरात असतात.) पावडर नको, तिचा चिखल होतो. रिंगखाली खोबरेल तेलाचं बोट पुरतं. लघवी बसून करायची आणि टिपायचं.

लाल चट्टे, खाज आली की केज बंद. मेडिकलवाला हमखास एक मिश्र क्रीम देतो, त्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा दुप्पट पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, त्यांनी याहून विचित्र पाहिलेलं असतं. मधुमेह असेल तर आधी त्यांना विचारूनच घाला, कारण जखम लवकर भरत नाही.

आणि दुसरी किल्ली. आमची एकुलती एक एकदा हळदीकुंकवाच्या पर्समधून येवल्याला गेली. तेव्हापासून एक माझ्या टूलबॉक्समध्ये असते, पाकिटात, चिकटपट्टी लावून. पाकीट फोडलं की घरी सांगायचं, एवढीच अट.