वडिलांची मारुती ८०० दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

प्रश्न : वडिलांच्या नावावरची २००८ सालची मारुती ८०० त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांपासून दारातल्या लिंबाखाली उभी आहे. मेकॅनिकने ४२ हजार रुपयांचा अंदाज दिला आहे. माझे शिवणकामाचे दुकान असून तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. शिल्लक ६० हजार. आईला महिन्यातून दोनदा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यावे लागते आणि भाड्याची गाडी प्रत्येक खेपेला १,२०० रुपये घेते. लग्नसराईत भाडी मारून खर्च निघेल, पैसे कमी पडले तर सोने तारण ठेव, असे मेहुणे म्हणतात. काय करावे? (एक वाचक, केज तालुका, जि. बीड)

उत्तर : माझे मत आधीच सांगतो : ही गाडी दुरुस्त करू नये. वडिलांच्या गाडीविषयीची ओढ मी समजू शकतो, परंतु तुमच्या पत्रातच दिलेले आकडे शेवटपर्यंत मांडून पाहिले, तर ते दुरुस्तीच्या बाजूने उभे राहत नाहीत.

मेकॅनिकच्या ४२ हजारांपैकी १५ हजार डेंटिंग-पेंटिंग व सीट कव्हरचे आहेत. ते वगळले तरी ब्रेक, बॅटरी, चार टायर, टायमिंग बेल्ट आणि पेट्रोलची टाकी यांसाठी २७ हजार उरतात. यात काटछाट करायला वाव नाही. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात ते २३१६ असे दिसतात, म्हणजे टायर २०१६ च्या जून महिन्यातले आहेत. नक्षी शिल्लक दिसत असली तरी मराठवाड्याच्या उन्हात इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या या टायरांवर आईला बसवून घाट उतरू नये. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि २००८ च्या गाडीतले रबरी पाइप व वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. त्यामुळे २७ हजार हा आकडा वाढेल, कमी होणार नाही.

मेकॅनिकच्या कागदावर नसलेला खर्च मात्र याहून महत्त्वाचा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे तुमची २०२३ मध्येच संपली. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये, आणि उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये; दोनच वर्षांचे धरले तरी हे १२ हजार झाले. नव्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे करासह सुमारे ८८० रुपये धरा, आणि पर्यावरण कर निराळा. म्हणजे पेंटिंग वगळूनही चाक फिरण्याआधी ४५ हजारांहून अधिक गेले. त्यातच गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे. वारसाने तीन महिन्यांत नमुना ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते, आणि ते राहून गेल्याने तेथेही विलंबाचा भुर्दंड बसू शकतो.

आता बचत पाहू. जाऊन-येऊन साठ किलोमीटरला पेट्रोल सुमारे ४५० रुपयांचे, म्हणजे खेपेमागे ७५० रुपये वाचतील आणि वर्षाच्या चोवीस खेपांचे १८ हजार होतील. त्यातून तृतीय पक्ष विम्याचे (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या) सुमारे अडीच हजार आणि ऑइल, सर्व्हिसिंग, किरकोळ कामे यांचे निदान सहा हजार वजा केले, तर हाती साडेनऊ हजार उरतात. या गतीने ४५ हजार फिटायला पावणेपाच वर्षे लागतील, आणि तोवर पाच वर्षांची पुनर्नोंदणी संपत आलेली असेल. वीस वर्षांवरील मोटारीला तेच शुल्क १० हजार रुपये झाले आहे.

मेहुण्यांचा लग्नसराईचा हिशेब तर वहीत धरूच नका. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडे घेणे बेकायदा आहे, आणि तशा फेरीत अपघात झाला तर भरपाईचा बोजा विमा कंपनी तुमच्यावर टाकू शकते. तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या मालकाला तो बोजा कशाने पेलायचा? त्यासाठी सोने तारण ठेवणे तर मुळीच नको. सोने तारण ठेवायचेच झाले, तर ते पेरणीसाठी किंवा दवाखान्यासाठी ठेवावे.

तुमचे ६० हजार ही सोयाबीन घरात येईपर्यंतची एकमेव उशी आहे, आणि ऐन काढणीच्या वेळी पाऊस आला की ते पीकही हाती लागेलच असे नाही. यातले ४० हजार बँकेत मुदत ठेवीत ठेवा, २० हजार बचत खात्यात राहू द्या. आईच्या तपासणीची तारीख आधी ठरलेली असते, तेव्हा त्यांना बसचा प्रवास झेपत असेल तर दोनपैकी एक खेप एसटीने करा. महिलांना अर्धे तिकीट आहे आणि वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली असतील तर प्रवास मोफत आहे. दुसरी खेप भाड्याच्या गाडीने होऊ द्या. रात्री-अपरात्री गरज पडली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. स्वतःची जुनी गाडी त्या वेळी चालू होईलच याची खात्री कोण देणार?

गाडी गावच्या भंगारवाल्याला नुसती उचलून देऊ नका. नोंदणी रद्द न होता तिचे सुटे भाग किंवा नंबरप्लेट कुठे वापरली गेली, तर चौकशी तुमच्या दारात येईल. आधी मृत्यू दाखला, वारस दाखला आणि मूळ नोंदणी प्रमाणपत्र (आरसी) घेऊन उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जा, काही चलन थकले आहे का ते पाहा, आणि मग गाडी शासनमान्य मोडणी केंद्राला द्या. तेथे मिळणारे ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला, जपून ठेवा. त्याच्या मुदतीत नवी गाडी घेतलीच, तर करात सवलत मिळवायला ते उपयोगी पडते.